मोजताना बोलू नये

पुण्यात भाड्याने खोली शोधत होते तेव्हा घरमालकांनी मला गाव, आडनाव, जेवणात काय चालतं आणि रात्री किती वाजता परत येणार, हे सगळं विचारून घेतलं होतं. सहकारनगरातल्या काकांनी यातलं एकही विचारलं नाही. खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "डावा हात पुढे करा."

मला वाटलं, हात बघतात. अकोल्याला आमच्या शेजारी एक हात बघणारे गृहस्थ होते, म्हणून मी मुकाट्याने तळवा उलगडून ठेवला. काकांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. मशीन घुर्र करत दंड आवळायला लागलं. आकडा आला. तो बघून त्यांनी कपाटातून दुसरं मशीन काढलं, दुसरा हात मागितला. त्यावरही जवळजवळ तोच आकडा आला.

"राहा," काका म्हणाले. "वरची खोली. गच्चीत सांडगे वाळत असले तर ओलांडायचे नाहीत. आणि दुपारी एक ते चार मी नाही."

"कुठे जाता?"

"कुठेही जात नाही. झोपतो."

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. उभी हयात लोकांच्या घरची मीटरं तपासण्यात गेली. त्यामुळे जगातल्या कुठल्याही मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. रिक्षाचं मीटर, दुकानातला वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, सगळे त्यांच्या लेखी संशयित. "गिऱ्हाईक म्हणतं मीटर पळतंय, खातं म्हणतं बरोबर चाललंय," ते सांगायचे. "दोघंही आपापल्या सोयीचं बोलतात. मग काय करायचं? शेजारी आणखी एक मीटर लावायचं. त्याला म्हणायचं चेक मीटर."

काकांना स्वतःला बीपी होता, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आणि घरात दोन मशिनं होती. त्या मशिनांवर नजर ठेवायला ज्याचा आकडा कधी हलत नाही असं एक धडधाकट माणूस त्यांना घरात हवं होतं. माझ्या आधीचा भाडेकरू इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. परीक्षा आली की त्याचा आकडा चढायचा. "असलं मीटर काय कामाचं?" असं म्हणून त्यांनी त्याला वर्षाच्या शेवटी निरोप दिला. मी मात्र खराडीच्या ऑफिसातून दोन बस बदलून, मधल्या चौकात पाऊण तास उभी राहून घरी आले तरी माझा आकडा जिथल्या तिथे. आमच्याकडे उन्हाळ्यात जो तग धरतो त्याला नगर रस्ता काय करणार? काका पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "ही अकोल्याची. आमची चेक मीटर." पाहुणे मग माझ्याकडे नेमकं कसं बघावं ते न कळून सांडगे कुरकुरवायचे.

आता मी खराडीतच राहते आणि माझा बीपी कुणी मोजत नाही. कधीकधी चुकल्यासारखं वाटतं.

काकांचं पथ्यपाणी हा स्वतंत्र विषय होता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर त्यांनी पानातल्या डाव्या बाजूचं मीठ कायमचं बंद केलं. हा त्याग ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मात्र ताटात मिठाची जागा रिकामी दिसते, ती बरी दिसत नाही, म्हणून तिथे त्यांनी दुसरं लोणचं सुरू केलं. पहिलं लोणचं होतंच. "अहो काका, लोणच्यात मीठच असतं," मी एकदा म्हटलं.

"असेल. पण ते लोणच्यासाठी असतं, माझ्यासाठी नव्हे."

गोळ्यांचंही असंच. आकडा चांगला आला की त्या दिवशीची गोळी बंद. "मीटर नीट चालत असताना त्याला स्क्रू ड्रायव्हर लावतं का कुणी?" असा त्यांचा सवाल. गोळी घेतल्यामुळेच मीटर नीट चाललंय, हे मी समजावायला गेले की म्हणायचे, "तू कॉम्प्युटरवाली. तुमच्यात बंद करून परत चालू केलं की सगळं सुधारतं. तेच करतोय." मग दोन दिवसांनी आकडा चढायचा, मग दुप्पट जिद्दीने गोळ्या सुरू.

पण त्यांचा खरा थाट बघावा तो सकाळी. तळजाईवर फिरायला जाणारी आमच्या गल्लीतली सात-आठ ज्येष्ठ मंडळी टेकडी उतरून थेट काकांच्या पुढच्या खोलीत यायची, बीपी मोजून घ्यायला. दिवाणावर मांडी घालून ओळीने बसायची. आधी चहा व्हायचा. पुण्यात कुणी चहा विचारत नाही म्हणतात, ते लोक काकांकडे आले नसावेत. "मीटर रिकामं फिरवायचं नसतं," असं म्हणून ते प्रत्येकाला कप भरून द्यायचे. मग धापा टाकत, चहा पीत, एका हाताला पट्टा आणि दुसऱ्या हाताने मुद्दा मांडत एकेकाचं मोजमाप चालायचं. विषय ठरलेले. पाणीकपात, पार्किंग आणि मेट्रो.

समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राचार्य मेट्रोच्या विषयाला फार पेटायचे. पट्टा लावलेल्या हातानेच ते स्टेशन कुठे व्हायला हवं होतं ते दाखवायचे, आणि त्यांचा आकडा एकदम वर. काका निरीक्षणात पक्के. त्यांनी लगेच ओळखलं. "प्राचार्यांना मेट्रो सोसत नाही," त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवसापासून प्राचार्यांची पाळी आली की मेट्रो बंद, पाणीकपात सुरू. कोपऱ्यावरच्या आजींना सुनेचा विषय वर्ज्य केला, त्यांना पार्किंग दिलं. ज्याला जो विषय झेपेल तो द्यायचा, अशी ती सोय. गप्प बसून मोजावं, हे त्या अख्ख्या दिवाणावर एकालाही सुचलं नाही. सुचणार तरी कसं? सगळे मूळचे पेठांतले.

त्यामुळे आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला बीपी होता. प्राचार्यांनी तूप सोडलं होतं, आजींनी पापड सोडले होते. कुणी भात सोडला, कुणी राग सोडायचा प्रयत्न करून बघितला आणि तो न जमल्यामुळे आणखी चिडलं. काका स्वतः सगळ्यांत वरच्या नंबरवर. त्यांचे जुने डॉक्टर फोनवर आकडा विचारायचे, काका तो अभिमानाने सांगायचे, आणि दर खेपेला एक गोळी वाढायची.

रविवारी त्यांची मुलगी यायची. मी तिला ताई म्हणायचे. ताई आणि त्यांचे यजमान दोघंही आयटीतले, वाघोलीला अकराव्या मजल्यावर राहायचे. ताई दारातून आत आल्या की पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, "मोजलं का?" काका म्हणायचे, "तुझ्यासमोर मोजतो, नाहीतर म्हणशील खोटं सांगितलं." मग पट्टा बांधायचा, आणि पट्टा फुगायच्या आत दोघं सुरू.

"बाबा, बरणी निम्मी कशी झाली?"

"मुंग्या."

"मुंग्या लोणचं खातात?"

"सहकारनगरातल्या खातात. वाघोलीत सवय नसेल."

आकडा एकशे सत्तरच्या पुढे. "बघा!" ताई ओरडायच्या. "तूच बघ!" काका ओरडायचे. मी वरून ऐकायचे. वडील आणि मुलगी इतकी एका साच्यातली होती की डोळे मिटले तर नुसत्या आवाजाच्या पट्टीवरून कोण कोण ते कळायचं, वाक्यावरून नव्हे.

आणि मग ती दुपार आली. मी घरूनच काम करत होते. दोनच्या सुमारास खालची बेल वाजली. दुपारी बेल वाजवणाऱ्याला काय सुनवायचं हे काकांकडे कायम तयार असायचं. ते सुनवायच्या घाईत ते पलंगावरून ताडकन उठले, दारापर्यंत पोचले, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच खाली बसले. मी धावत जिना उतरले तर काका जमिनीवर, पाठ भिंतीला, चेहरा पांढरा पडलेला, आणि दाराबाहेर उभ्या कुरिअरवाल्याला बसल्या जागेवरून विचारत होते, "घड्याळ वापरता का आपण?"

"काका, पडलात?"

"पडलो नाही. बसलो."

"असं?"

"माझं घर आहे. कुठेही बसेन."

कुरिअरवाल्याने आणि मी त्यांना उचलून पलंगावर निजवलं. मोडलं काही नव्हतं, पण माकडहाडाला चांगलाच मार बसला होता. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही, आणि टोमणाही मारला नाही.

ताई त्याच संध्याकाळी आल्या. दोन दिवसांनी त्या काकांना एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. काकांनी मलाही ओढलं. "चेक मीटर बरोबर असलेलं बरं," असं कारण.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी काकांच्या दंडाला पट्टा बांधला. काका त्यांच्या मशीनची जात, वय आणि अचूकता यावर बोलायला लागले. पलीकडून ताई, "डॉक्टर, हे माझं काही ऐकत नाहीत." काका, "ऐकत नाही कसा? चाळीस वर्षं तुझंच ऐकतोय." ताई, "लोणचं दोन-दोन प्रकारचं!" काका, "एक कैरीचं, एक लिंबाचं. लिंबाला काय पथ्य?"

डॉक्टरीणबाई आकड्याकडे न बघता काकांकडे बघत होत्या. "घरीही असंच मोजता?"

"असंच म्हणजे?"

"बोलत."

"मी कुठे बोलतोय? हिला उत्तर देतोय."

बाईंनी मग काकांना उभं करून पुन्हा मोजलं. उभं राहिल्यावर आकडा धाडकन खाली आला. त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, चढलेले आकडे बघून औषध वाढत गेलेलं दिसतंय, आणि ते औषध आता उठल्याबरोबर चक्कर आणतंय. या वयात पडणं परवडत नाही. पण खरा आकडा किती आहे तेच माहीत नसेल तर कमी तरी कशाच्या जोरावर करायचं? तेव्हा पंधरा दिवस नीट मोजून आणा. फिरून आल्याआल्या नाही, चहावर नाही. आधी बाथरूमला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, मांडी घालायची नाही. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पलंगावरून उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. "आणि मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प."

"आणि मोजताना?" काकांनी विचारलं.

"मोजतानाही."

"म्हणजे सहा," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच घाबरलेले दिसले.

खाली आल्यावर ताईंनी फूटपाथवरच निकाल सांगितला. "पंधरा दिवसांनी इथे परत यायचंय. तेव्हा आकडा ताब्यात नसला तर घराला कुलूप. वाघोलीला चलायचं. तुमची खोली तयार केलीय मी. परत असे पडलात आणि ही वर नसली तर?"

"वाघोलीपेक्षा त्याच रस्त्याने पुढे नगरला जातो. निदान पोचल्यासारखं तरी वाटेल."

ताई हसल्या नाहीत. काकांनाही कळलं की या वेळी ती खरंच नेणार. घरी येऊन ते मला म्हणाले, "अकरावा मजला आहे गं. ती दोघं दिवसभर ऑफिसात. खाली माणसं दिसतात एवढीएवढीशी. टोमणा मारला तर ऐकू कुणाला जाणार?"

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत पाटी लागली. "मोजताना बोलू नये." काका ती येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवायचे. पट्टा लावल्यावर. मग मी ती काढून घेतली. चहा मोजमापानंतर द्यायचा ठरवला, दिवाण हलवून खुर्च्या मांडल्या, आणि प्राचार्यांपासून सगळ्यांना पाच-पाच मिनिटं गप्प बसवलं. आठवडाभरात आमच्या गल्लीतला बीपी उतरला. ज्यांना मुळातच औषध होतं त्यांचं औषध चालू राहिलं, पण निम्म्यांना रोग नव्हताच, वाद होता. प्राचार्यांनी आनंदाने तूप सुरू केलं आणि मेट्रोवर पूर्ववत बोलायला लागले, फक्त पट्टा सोडल्यावर.

काकांना मात्र जमेना. पहिल्या दिवशी ते गप्प बसले खरे, पण हातवाऱ्यांनी मला स्वयंपाकघरातला गॅस बघायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी हात मांडीवर ठेवायला लावले तर भुवयांनी बोलले. मी त्यांना वर्तमानपत्र देऊन बघितलं. अग्रलेखातल्या दुसऱ्या वाक्याला "गाढव!" असं ऐकू आलं आणि आकडा वर गेला. एकदा तर चार मिनिटं बिनआवाज गेली. मी मनात देव आठवत होते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडी गेटसमोर लावली. संपलं.

दिवस चालले होते. मी वैतागले. "काका, तुम्हाला इथे राहायचंय की नाही? पाच मिनिटांचं काम आहे. लहान मुलंसुद्धा बसतात."

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. पट्ट्याच्या नळीशी चाळा करत म्हणाले, "बोलत असलो की बरं असतं. गप्प बसलं की घर ऐकू येतं."

"म्हणजे?"

"फ्रिज. मोरीतला नळ. तू वर खुर्ची सरकवतेस ती. तुझ्या काकू होत्या तेव्हा यातलं काही ऐकू यायचं नाही. बोलायच्या नाहीत त्या फार. मीच बोलायचो. पण समोर बसलेल्या असायच्या."

काकूंना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याविषयी काका इतकं सलग पहिल्यांदाच बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. सकाळचा तो सगळा बाजार, तो चहा, ती दोन मशिनं, गल्लीभर लोकांचे दंड आवळणं, हे बीपीसाठी नव्हतंच. माणसं समोर बसावीत म्हणून होतं. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.

"मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "पण बसते."

त्या दिवशी पाच मिनिटं झाली. आकडा बघून काकांनी दुसरं मशीन आणायला लावलं. त्यावरही तोच होता. तरी त्यांचा विश्वास बसला नाही, पण खूश होते. त्यानंतर पंधरा दिवस होईपर्यंत मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्यांच्यासमोर मुकी बसायचे. बस चुकायची. चुकू दे म्हटलं.

पण खरी परीक्षा डॉक्टरांकडे होती, आणि तिथे ताई होत्या. त्या दिवशी बाईंनी काकांना खुर्चीत बसवलं, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं." काकांनी ओठ मिटले. ताईंना ते बघून काय वाटलं कोण जाणे, इतकी वर्षं कुणी मध्ये न तोडता बोलायची संधीच मिळाली नव्हती बिचाऱ्यांना, त्यांनी बाईंना सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. "डॉक्टर, यांचा स्वभावच असा. वीज मंडळात क्लार्क होते ना, तेव्हापासून—"

क्लार्क! मी काकांकडे बघितलं. मीटर तपासणीत उन्हातान्हात खांब आणि जिने चढलेल्या माणसाला क्लार्क म्हटलं होतं, आणि तेही पोटच्या मुलीने. त्यांच्या कानशिलाजवळची शीर थरथरली. डोळे इतके मोठे झाले की मला वाटलं, आता शब्द डोळ्यांतूनच बाहेर पडणार. मी मान हलवून "नको, नको" करत होते. काकांनी डोळे मिटून घेतले. बोलले नाहीत.

"तुम्हीसुद्धा," बाई ताईंना म्हणाल्या. "पाच मिनिटं आता पुन्हा सुरू."

ताई गप्प झाल्या. त्यांना काय करावं कळेना. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि काकांच्या शेजारी बसल्या, आणि पट्टा नसलेला त्यांचा हात आपल्या हातात घेतला. दोघंही समोरच्या भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत राहिली. ती दोघं एका खोलीत इतकी शांत बसलेली मी कधीच बघितली नव्हती. बहुतेक त्यांनीही नसेल.

आकडा छान आला. बाईंनी उभं करून पुन्हा मोजलं, मान डोलावली आणि संध्याकाळची एक गोळी बंद केली. सकाळची चालूच ठेवायची, आकडा चांगला आला तरी, हे दोनदा बजावलं. वाघोलीला जायलाच हवं असं त्यांना काही वाटत नव्हतं. सावकाश उठायचं, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची, आणि लोणचं एकच.

"कुठलं?" काकांनी विचारलं. हा त्यांचा पहिला शब्द.

खाली फूटपाथवर आलो. मला वाटलं, काका आता क्लार्कचा हिशेब चुकता करणार. पण ताईच बोलल्या. "बरं झालं बाबा. म्हणजे आता यायला नको तुम्हाला." आवाज मात्र बरं झाल्याचा नव्हता. "खोलीला पडदे लावले होते मी, तुम्हाला दुपारी ऊन नको म्हणून. असू दे. आणि मलाही आता दर रविवारी यायला नको. आकडाच चांगला म्हटल्यावर मी येऊन करायचं काय?"

त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं. काकांनी एक रिक्षा जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. इतका वेळ घेऊन उत्तर देताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भांडायला ये," ते म्हणाले. "आधी मोजून घेऊ, मग पाहिजे तेवढं भांड."